हा साधा फ्लू नाही

शहराला हवामान, बंद रस्ते, पाणीकपात आणि हरवलेली माणसं ज्या आवाजातून कळत, त्या आवाजाच्या बाईला सगळे रेडिओबाई म्हणत. दुकानात तिनं नुसतं "साबण आहे का?" असं विचारलं तरी रांगेतली माणसं मागे वळून बघायची. "काल तुम्ही पाऊस सांगितलात, मी दिवसभर छत्री घेऊन हिंडलो, आणि वर लखलखीत ऊन!" असं तिला सुनावायचा हक्क प्रत्येकाला होता. जणू पाऊस तीच वरून सोडत होती. ती हसून घ्यायची. इतक्या वर्षांत एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती. समोरच्या कागदावर पूल पडलेला असो की परीक्षेचा निकाल लागलेला असो, आपला जीव आवाजात मिसळू द्यायचा नाही. वाचायचं, कागद बाजूला ठेवायचा आणि चहा प्यायचा.

म्हणून त्या सकाळी ती चार शब्दांच्या एका वाक्यावर अडली, तेव्हा काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाला आधी यंत्राचाच संशय आला. त्यानं वायरी हलवून बघितल्या, एक बटण खालीवर केलं आणि मग काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत गप्प बसली होती.

या ध्वनिमुद्रकाला केंद्रात कानसेन म्हणत. कुणी शब्द गिळला, कुणी खुर्ची सरकवली, कुणाच्या पोटात कावळे ओरडले, सगळं त्याला ऐकू यायचं. त्यानं आतला स्पीकर लावला. "ताई, काय झालं? घसा?"

"हो, घसा," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."

नवा आजार शहरात येऊन थोडेच दिवस झाले होते. आधी तो परदेशच्या बातम्यांत होता, मग शेजारच्या शहरात आला आणि एक दिवस बसस्थानकामागच्या गल्लीत निघाला. तेव्हापासून केंद्रात सगळे एकमेकांपासून हातभर लांब उभे राहून बोलत, दारं कोपरानं ढकलत आणि माइकचं स्पंजाचं टोपडं दर वाचनानंतर साबणानं धुऊन दोरीवर वाळत घालत. अशातच महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एक निवेदन पाठवलं होतं. दिवसभर, दर बातम्यांच्या आधी ते लावायचं होतं. निवेदन छोटंसंच होतं. हात धुवा, तोंड झाका, गर्दीत जाऊ नका. पण सुरुवात अशी होती: हा साधा फ्लू नाही.

ती पाणी प्याली, तिनं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा 'साधा' पाशी येऊन तिचा आवाज बसला. तिसऱ्या वेळी तिनं दात आवळून ते वाक्य पार केलं. निवेदन शेवटपर्यंत वाचून झालं. काचेपलीकडे कानसेन डोकं खाजवत होता.

"शब्द सगळे आलेत, ताई," तो म्हणाला, "पण तुम्ही रागावून बोलताय असं वाटतंय. लोक म्हणतील, आम्ही काय केलं?"

ती कानावरचे हेडफोन काढून ठेवत उठली. "आज नाही होणार माझ्याच्यानं. निवेदन पाठवणाऱ्या त्या डॉक्टरांना उद्या यायला सांगा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

कानसेननं कारण विचारलं नाही. त्याला ते ठाऊक असावं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता, तो फ्लूनंच.

नवरा महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचा. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा, केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना घेऊन तलावावर यायची. एका हिवाळ्यात त्याला ताप भरला. अंग ठणकत होतं, खोकला होता. "फ्लूच आहे गं, मरतोय का मी?" असं म्हणून त्यानं उशीत तोंड खुपसलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की तो म्हणे, उद्या बघू. मग एका पहाटे त्याचे ओठ निळे दिसायला लागले. दवाखान्यात नेईपर्यंत त्याला धड बोलता येत नव्हतं, आणि तिथून तो परत आला नाही.

त्यानंतर भेटायला येणारे सगळे एकच विचारत. "कशानं?" ती म्हणे, "फ्लूनं." की समोरच्याच्या भुवया वर जात. "नुसत्या फ्लूनं? साखर होती का? हृदयाचं काही होतं? मग दारूबिरू?" फ्लूच्या जोडीला आणखी एखादं दुखणं सापडल्याशिवाय कुणाचं समाधान होत नसे. एकट्या फ्लूनं एवढा पुरुष उचलावा हे कुणाला पटत नव्हतं, आणि ते न पटण्यात कुठेतरी तिच्याकडे बोट असायचं. तुम्ही लक्ष नाही दिलंत का? पुढे पुढे ती कंटाळून "निमोनिया झाला होता" असं सांगायला लागली. ते खोटंही नव्हतं. निमोनिया म्हटलं की लोक लगेच मान हलवत आणि गप्प होत.

मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. आणि हाकेच्या अंतरावर धाकटा दीर, एकटा जीव, ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याच्याकडे दोन जुन्या गाड्या होत्या, दोन्हींत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून त्याला सवयच लागली होती. बसमध्ये असो, खुर्चीत असो, काही मनाविरुद्ध झालं की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. दुपारचं जेवण तो बहुतेक वहिनीकडेच करायचा.

त्या दिवशी ती केंद्रातून लवकर घरी आली, तर तो आधीच टेबलाशी बसलेला. तोंड उतरलेलं. सकाळपासून एकही शिकाऊ माणूस आला नव्हता.

"बंद गाडीत मांडीला मांडी लावून बसायचं म्हटलं की लोक घाबरतात," तो म्हणाला. "काय वेड लागलंय सगळ्यांना! अहो वहिनी, फ्लूसारखंच आहे हे. दरवर्षी फ्लू येतो, दरवर्षी माणसं जातात, तेव्हा कोणी शहराला कुलूप लावतं का?"

ती भाजी वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी वाचलंय ना," तो पुढे बोलतच होता. त्याचा पाय टेबलाखाली दाबला जात होता. "फ्लू झालेल्या हजारात एखादा जातो. यानं फार तर आणखी थोडे. हजारातला एखादा, वहिनी! बाकीचे सगळे चार दिवस शिंकतात आणि कामाला लागतात. त्यासाठी एवढा गहजब?"

सासूबाई भाताचा घास हातात घेऊन बसल्या होत्या. त्या बोलायच्या कमी. मुलगा गेल्यापासून तर मोजकंच. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "तो हजारातला एखादा आपल्या घरातला होता रे."

दीर जागच्या जागी थिजला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "आई, मला तसं... मी दादाबद्दल बोलत नव्हतो."

"मग कोणाबद्दल बोलत होतास? फ्लूबद्दलच ना?"

तो ताटावरून उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. रेडिओबाई त्याच्या मागोमाग गेली. तिला त्याच्यावर चिडायचं होतं, सकाळपासून साठलेलं सगळं कुणावर तरी काढायचं होतं. पण तो दाराच्या चौकटीला डोकं टेकवून रडत होता, आणि रडताना खांदे अगदी थोरल्यासारखे हलत होते.

"वहिनी, मी फ्लू फ्लू करतो, कारण फ्लू मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्यानं आपल्याकडून जे न्यायचं ते नेलं. आता त्याच्यापेक्षाही वाईट काही आलंय असं कोणी म्हटलं ना, की माझे हातपायच गळतात. मला नाही झेपायचं आता. त्यापेक्षा म्हणावं, काही नाही, फ्लूच आहे."

ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "जेवण टाकून जाऊ नका, भाऊजी. आईंना लागेल." तो परत येऊन बसला आणि खाली मान घालून सगळं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य अधिकारी केंद्रावर आले. चाळिशीतले डॉक्टर, शर्टाची एक कॉलर आत वळलेली, डोळे तांबारलेले. कित्येक दिवस धड झोप नसावी. दारातच उभे राहून ते म्हणाले, "मॅडम, चार ओळींचं वाचन आहे. एक दिवस वाया गेला आपला. काय अडचण आहे?"

"तुम्ही बसा आधी," ती म्हणाली. कानसेननं त्यांच्यासाठी चहा आणून लांबच्या टेबलावर ठेवला. "डॉक्टर, फ्लू साधा असतो का?"

"तुलनेनं, हो."

"माझा नवरा फ्लूनं गेला."

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. बाकीच्यांसारखा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. साखर होती का, हृदयाचं होतं का, काही नाही. नुसतं म्हणाले, "मला माहीत नव्हतं." आणि मग, "दर हिवाळ्यात जातात. आमच्या वॉर्डातून दर हिवाळ्यात. पेपरात येत नाही इतकंच."

 दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते जसंच्या तसं मान्य केलं होतं.

"मग साधा का लिहिलंत?"

"कारण लोकांना तो साधा वाटतो. सगळीकडे एकच ऐकतोय, फ्लूसारखंच आहे, फ्लूसारखंच आहे. भाजीवाला म्हणतो, माझा सख्खा मेहुणा म्हणतो. तेव्हा वाटलं, त्यांच्याच शब्दात सांगावं, की नाही बाबांनो, तसं नाही हे."

"पण ते फ्लूला साधा समजतात म्हणून तर यालाही साधा समजतात," ती म्हणाली. "आपणही साधाच म्हणायला लागलो तर त्यांच्याच पारड्यात वजन टाकतोय." मग तिनं पर्समधून एक कागद काढला. सकाळी तिनं स्वतः निवेदन लिहून आणलं होतं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि मान हलवली.

"हे मला चालणार नाही. तुम्ही लिहिलंय, हा आजार फ्लूइतकाच घातक आहे. तसं नाहीये, मॅडम. हा जास्त घातक आहे."

"किती जास्त?"

"खरं सांगू? नक्की आकडा आज कुणाकडेच नाही." डॉक्टर पुढे सरकले आणि मग अंतर आठवून पुन्हा मागे झाले. "आजारी पडलेल्यांपैकी किती गेले, हे काढायचं तर आजारी किती पडले ते कळायला हवं. ज्यांना नुसता खोकला झाला, ते आमच्याकडे येतच नाहीत. ते धरले तर मरणाचं प्रमाण खाली येईल. उलट, आज जे वॉर्डात आहेत त्यांच्यातले काही पुढच्या आठवड्यात जातील. ते आज जिवंतांत मोजलेत. म्हणून आकडा रोज डुगडुगतोय. पण कसाही धरा, खालून धरा नाहीतर वरून, फ्लूच्या कित्येक पट वर जातोय. आणि फ्लूची लस आहे. आपल्या सगळ्यांच्या शरीरांची त्याच्याशी थोडीफार ओळख आहे. याला कुणाचंच शरीर ओळखत नाही. म्हणून सगळे एकदम पडतात, आणि सगळे एकदम पडले की खाटा पुरत नाहीत. मग वाचू शकला असता तोही जातो."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. डॉक्टर खरं बोलत होते हे तिला कळत होतं, आणि तरीही आतून काहीतरी हट्टानं अडून बसलं होतं. आता सगळे या नव्याच आजाराबद्दल बोलणार. उद्या कुणी विचारलं, नवरा कशानं गेला, आणि ती फ्लूनं म्हणाली, तर लोकांना हायसं वाटेल. अच्छा, तो नाही का, जुनाच. माणूस गेला तो गेलाच, वर त्याचं जाणंही दुय्यम होऊन बसणार.

हे ती मोठ्यानं बोलली असावी, निदान अर्धंमुर्धं, कारण डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "यानं जास्त माणसं मरतात, एवढंच मी म्हणतोय. तुमच्या घरातलं मरण त्यानं लहान होत नाही. पण तुमच्या दुःखासाठी मी आकडा खाली नाही आणू शकत. ऐकणारा त्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडेल."

काचेपलीकडे कानसेन यंत्राशी काहीतरी करत असल्याचं नाटक करत होता.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "जास्त आहे ते जास्त म्हणू. पण साधा नाही म्हणणार."

मग दोघं एकच कागद घेऊन बसले, म्हणजे ती टेबलाच्या या टोकाला आणि डॉक्टर त्या टोकाला, आणि कागद इकडून तिकडे सरकत राहिला. त्यांनी शब्द खोडले, पुन्हा लिहिले. एक वाक्य डॉक्टरांनी फारच शास्त्रीय केलं, तर तिनं ते वाचून दाखवलं आणि ते वाचता वाचता स्वतः डॉक्टरांनाच हसू आलं. शेवटी डॉक्टर चाचरत म्हणाले, "एक विचारू का? तुमच्या यजमानांचं यात आलं तर लोक ऐकतील. नको असेल तर विषय इथेच संपला."

इतक्या वर्षांत ती मायक्रोफोनपुढे कधी 'मी' म्हणाली नव्हती. "घरी विचारावं लागेल," ती म्हणाली.

सासूबाई खिडकीशी बसून जुनी चादर दुरुस्त करत होत्या. सुनेनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांची सुई मध्येच थांबली, पण त्या रागावल्या नाहीत.

"लोकांना सांगणार म्हणतेस?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही, आई."

"सांग. पण निमोनिया म्हणू नकोस. फ्लू म्हण. आणि त्याचं नाव नको घेऊस रेडिओवर. नाव माझ्याकडे राहू दे."

सकाळी निवेदन एका झटक्यात झालं. कानसेननं काचेतून अंगठा वर केला आणि लगेच तोंड फिरवून नाक पुसलं. मग आठवलं म्हणून उठून हात धुऊन आला. बातम्यांच्या आधी शहरानं ऐकलं ते असं होतं: "फ्लूनं माणसं मरतात. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा फ्लूनं गेला. तो धडधाकट होता, आणि उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हणत होता. आज जो नवा आजार आपल्यात आला आहे, तो फ्लूपेक्षा कितीतरी जास्त माणसं नेतो आहे. किती, ते अजून नक्की सांगता येत नाही. घरी थांबा. तोंड झाका, हात धुवा. दम लागत असेल तर उद्याची वाट बघू नका."

दुपारपासून केंद्राचा फोन वाजायला लागला. काही जण भडकले होते, लोकांना घाबरवता कशाला, धंदे बुडवायचे आहेत का आमचे? पण बरेच फोन वेगळेच होते. एका शिंप्याची बहीण फ्लूनं गेली होती, बाळंतपणाला महिना राहिला असताना. एका निवृत्त मास्तरांचे वडील. एक बाई काहीच सांगू शकली नाही, फक्त रडली, आणि रडून झाल्यावर थँक यू म्हणून तिनं फोन ठेवला. रेडिओबाई प्रत्येकाला हं, हं म्हणत राहिली.

आणि एक फोन दिराचा. त्यानं गाडीत ऐकलं होतं. शेजारी दोन दिवसांनी आलेला एकमेव शिकाऊ माणूस होता, आणि यानं भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला होता.

"दादाला जाहिरातीत घातलंत, वहिनी?" तो म्हणाला. "साबणाच्या जाहिरातीत घालावं तसं? हात धुवा आणि माझा नवरा मेला?"

"भाऊजी, मी आईंना विचारलं होतं."

"मला नाही विचारलंत. तो माझाही होता."

तो म्हणत होता ते खरं होतं. तिनं त्याला विचारायला हवं होतं. ती तसं म्हणेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता.

त्यानंतर तो जेवायला यायचा थांबला. लवकरच सगळं शहरच बंद झालं आणि ड्रायव्हिंग स्कूललाही कुलूप लागलं. पण दर काही दिवसांनी सकाळी दार उघडलं की बाहेर पायपुसण्यावर एक पिशवी असायची, आत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बटाटे, दूध, कधी आईला आवडणारी बिस्किटं. घंटा न वाजवता ठेवून तो निघून गेलेला असायचा. "रागावलाय, पण बिस्किटं बरोबर आणतोय," सासूबाई म्हणायच्या.

मग आठवडाभर पिशवी आली नाही. सुनेनं दोन दिवस फोन केले, त्यानं उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रावर निघायच्या तयारीत असताना त्याचाच फोन आला.

"वहिनी," तो म्हणाला आणि खोकला. खोकला बराच वेळ थांबला नाही. "मला ताप आहे. काल जरा जास्त होता. पण घाबरू नका. फ्लू असेल."

तिनं हातातली पर्स खाली ठेवली. "दम लागतोय?"

"जिना चढताना. थोडासा."

"भाऊजी, पायात चपला घाला. मी अँब्युलन्सला फोन करते."

"अहो, उगाच कशाला? फ्लूच असला तर..."

"असू दे ना फ्लू!" ती ओरडली. रेडिओवर कधी न ऐकलेला तो आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून सासूबाई उठून आल्या. "फ्लू असला तरी जायचं. फ्लू असला तर आधी जायचं. चपला घाला म्हटलं ना!"

 मग तो लहान मुलासारखा म्हणाला, "घालतो."

दवाखान्याच्या आवारात दोन तंबू ठोकले होते. कुठल्या तंबूतून माणूस कुठल्या वॉर्डात जाईल, ते तपासणीवर ठरायचं. तिला आत सोडलं नाही. कठड्यावर बसून ती वाट बघत होती. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नजरेत एकच प्रश्न होता, नवा आजार की दुसरं काही? संध्याकाळ व्हायच्या आत तोंड झाकलेली एक नर्स बाहेर आली आणि तिनं तिला बाजूला बोलावलं.

"नवा नाहीये," नर्स म्हणाली. "फ्लू आहे. इन्फ्लुएन्झा."

शेजारच्या बाकावरच्या माणसानं ते ऐकलं आणि मनापासून म्हणाला, "सुटलात हो, ताई!"

सुटकेचा श्वास टाकायला तिनं छाती भरून घेतली होती. ती तशीच भरलेली राहिली. तिनं कठडा धरला. नर्सला वाटलं, बाईंना चक्कर येतेय. "वेळेवर आणलंत," नर्स म्हणाली. "छातीत उतरायला लागला होता. औषध सुरू केलंय, ऑक्सिजन लावलाय. अजून दोन दिवस घरी राहिले असते तर अवघड होतं."

सासूबाईंना काय सांगायचं, याचाच विचार करत ती घरी पोहोचली. पण सुरुवात तिला करावी लागलीच नाही. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "तो की फ्लू?"

"फ्लू, आई."

सासूबाई स्टुलावर बसल्या. "मग नवा का नाही झाला त्याला?" त्या म्हणाल्या. "नव्यानं अजून माझं कुणी नेलं नव्हतं."

सून खाली जमिनीवर बसली आणि तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. डॉक्टरांचे सगळे हिशेब तिला पाठ होते, पण ते त्या घरात, त्या घडीला सांगण्यासारखे नव्हते. मग ती म्हणाली, "आई, या वेळी आपण उद्यावर टाकलं नाही." सासूबाईंचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

पहिले काही दिवस वाईट गेले. फोनवर वॉर्डातली बाई रोज तेच सांगे, आहे तसंच आहे. रेडिओबाई केंद्रावर जाऊन नव्या आजारानं दगावलेल्यांचे आकडे वाचायची, आणि त्या आकड्यांत आपलं माणूस नाही, तर दुसऱ्याच कुठल्या न मोजलेल्या रांगेत आहे, हे मनात धरून वाचायची. तिचा चहा झाला की कप आता कानसेनच धुऊन ठेवायचा. मग एक दिवस फोनवर दिराचाच आवाज आला, खरखरीत, बारीक. "वहिनी, इथलं जेवण फार बेकार आहे हो." ती फोन कानाला लावून हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

त्याला घरी आणलं तेव्हा तो निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, पँट कमरेवर धरून चालत होता. त्याला स्वतःच्या घरी जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. दादाच्या खुर्चीत त्याला उशा लावून बसवलं, आणि त्यानंही आढेवेढे घेतले नाहीत.

"त्या दिवशी फोनवर मी फार बोललो," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारायला हवं होतं मी. चूक माझी होती, भाऊजी."

तो थोडा वेळ दम खात बसला. "समोर नव्या आजाराचा वॉर्ड होता. खिडकीतून दिसायचा. आमच्या वॉर्डातून एक आजोबा गेले. तिकडून रोज. कधी कधी सकाळी एक आणि दुपारी एक. मी मोजायचो नाही, पण दिसायचं." तो खोकला. "डॉक्टर बरोबर सांगतात, वहिनी. तो जास्त वाईट आहे."

"हो," ती म्हणाली. आता ते म्हणताना तिला काही अडलं नाही.

"आणि मला आमच्या वॉर्डात सगळे सारखे म्हणायचे, नशीबवान आहेस, फ्लूवर निभावलं. मी हो म्हणायचो. त्यांना काय सांगत बसणार?"

"मला सांगा ना."

"तेच तर सांगतोय," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. "भीती वाटली हो. श्वास घेताना वाटायचं, दादाला असंच झालं असेल. त्याला असंच वाटलं असेल."

तिनं खुर्ची जवळ ओढली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "बोलत काय बसलात दोघं? सूप निवतंय. त्याला आधी खाऊ द्या!" तो उठायला लागला, तर ती आधार द्यायला धावली. पण त्यानं नको म्हणून हात केला. भिंतीला धरत, मध्ये दोनदा थांबून, तो स्वतःच्या पायांनी टेबलापर्यंत गेला. सासूबाईंनी वाडगा पुढे सरकवला आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. वाडगा रिकामा झाला तसा त्यानं तो पुन्हा पुढे केला.